भुसावळातले नेचे

“दुपारी घाल हां पाणी. दुपारीच. तेंका तेवाच तहान लागता,” टांग्यात बसता बसता सासूबाई म्हणाल्या.

“हो आई.”

“नुसता मुळात ओतू नको. पानांवर शिंपड. भरपूर.”

“हो.”

“पान करपला काय लगेच कातर. आणि शेणकालो विसरू नको. शेण घातल्याशिवाय झाडाक जोर येवचो नाय.”

“हो, आई.”

“आणि पायरेवरसून कुंड्ये हलवू नको. हय माज्या नजरेसमोर...” एवढं बोलून त्या थांबल्या. नजरेसमोर असायला त्या स्वतः इथे नसणारच होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नाशिकला माझ्या नणंदेकडे राहून तिथेच ऑपरेशन करायचं आणि डॉक्टर सोडतील तेव्हा परत यायचं, असं ठरलं होतं.

“आई, गाडी लागली असेल,” माझे यजमान जयवंत घड्याळात बघत म्हणाले. ते रेल्वेत गार्ड होते. गाडी चुकणं त्यांच्या लेखी पाप होतं.

टांगेवाल्याने लगाम उचलला, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट.

“रत्ना, ह्या वर्षी तरी सांभाळ गो.”

टांगा वळणावर दिसेनासा झाला आणि मी पायरीवर उभी राहिले. कडेवर वर्षाची मुलगी, पायाशी सात कुंड्या, आणि डोक्यात तो एक शब्द. ‘तरी.’ ह्या वर्षी तरी म्हणजे काय? गेल्या मे महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी अमळनेरला होते. त्याच्या आदल्या मे महिन्यात माझं लग्नच झालं नव्हतं. मग मी कुठल्या वर्षी काय बिघडवलं होतं? जाता जाता माणसाला टोचून जायची ही काय रीत!

पण काम तर अंगावर पडलं होतं. त्या कुंड्यांना पावणेदोन वर्षांत मला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. मी झाडू मारत जवळ गेले तरी सासूबाई आतून ओरडायच्या, “धूळ उडवू नको थय!” आणि आता एकदम सगळं माझ्या गळ्यात.

कुंड्यांत नेचे होते. सासूबाई त्यांना नुसतं ‘झाडां’ म्हणायच्या. नेचे हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात शिकले होते आणि खरा नेचा पाहिला तो लग्नानंतर, या घराच्या पायरीवर. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जयवंतांनी मला त्यांची हकीगत अभिमानाने सांगितली होती. सासूबाईंचं माहेर कुडाळजवळ. लग्न होऊन त्या भुसावळला यायला निघाल्या तेव्हा वडिलांच्या परसातल्या चिरेबंदी विहिरीच्या भिंतीवर उगवलेले नेचे त्यांनी मुळांसकट काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले, आणि दोन दिवसांच्या प्रवासात मांडीवर धरून आणले. तेव्हापासून ते आमच्याकडे. जयवंतांच्या जन्माआधीपासून. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकावी लागायची. लोकांच्या घरी आजीच्या पाटल्या नाहीतर गोठ असतात. आमच्या परबांच्या घरी नेचे होते.

मी खानदेशातली. आमच्याकडे झाड म्हणजे निंब नाहीतर बोर. कुणी पाणी न घालता जे जगतं ते झाड. ज्याला माणसासारखं विचारत बसावं लागतं, ते झाड कसलं? पण मी ठरवलं, एक पान वाळू द्यायचं नाही. सासूबाईंनी परत यावं, पायरीवर बघावं आणि त्यांना बोलायला जागा उरू नये.

सांगितलं तसं सगळं केलं. भर दुपारी, कॉलनीतल्या साऱ्या खिडक्या बंद आणि कुत्रीसुद्धा गटाराच्या पुलाखाली गेलेली, तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन तांब्या तांब्या पाणी घालत होते. पानांवर शिंपडत होते. पायरीचा दगड इतका तापलेला की पाणी सांडलं की चर्र आवाज यायचा. शेण आणायला मी म्हशीवाल्या गवळ्याच्या मागे धावले आणि पातळ काला करून घातला. पान करपलं की कातरीने कापलं.

आणि नेचे जळायला लागले.

आधी पानांची टोकं तपकिरी झाली. मग पाण्याचा थेंब जिथे बसला होता, तिथे तिथे डाग पडले. मग पान हातात घेतलं की पापडासारखं मोडायला लागलं. मी कापत गेले. जितकं कापावं तितकं आतलं कोवळं पान उन्हात उघडं पडायचं आणि दुसऱ्या दिवशी तेही जायचं. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून जास्त घातलं. तर एका कुंडीतली माती आंबली आणि झाड बुडापासून काळं पडून लोळलं.

त्यात त्या वर्षी तापी आटलेली. नळ एक दिवसाआड यायचा, तोही पहाटे, करंगळीएवढ्या धारेने. सगळ्या बायका बादल्या, कळशा, डबे घेऊन रांगेत. मी मुलीला झोपलेली सोडून जायचे आणि अर्धा जीव घरात, अर्धा बादलीत. एकदा माझी तिसरी बादली भरताना शेजारच्या चौधरीवहिनी म्हणाल्या, “रत्ना, झाडांनाच घालतेस म्हणे एवढं पाणी? आमच्याकडे मोरीत टाकायला पाणी नाही बाई.”

खरंच तर होतं. मुलीचे लंगोट मी एकाच पाण्यात तीनदा पिळत होते आणि चांगलं पाणी कुंड्यांत जात होतं.

चौधरीवहिनी माणूस वाईट नव्हत्या. संध्याकाळी त्या येऊन पायरीवर बसल्या आणि कुंड्यांकडे बघून चुकचुकल्या.

“यांना दृष्ट लागली आहे.”

“वहिनी, ऊन लागलंय.”

“ऊन दरवर्षी असतं. तुझ्या सासूबाईंच्या हातात एवढी वर्षं जगली ना? मग आत्ताच काय झालं? मीठ-मोहरी उतरून टाक.”

मी मीठ-मोहरीही उतरवली. सांगायला लाज वाटते, पण उतरवली. काही झालं नाही. चुलीत मोहरी तडतडली, तेवढंच.

जयवंतांना सांगायला गेले तर ते जेवत होते. रात्रपाळीला जायचं होतं म्हणून घाईत.

“अहो, नेचे मरताहेत.”

“छे. आईचे नेचे मरत नाहीत. मी जन्मापासून बघतोय. मे महिन्यात जरा सुकतात, पाऊस पडला की पुन्हा हिरवेगार.”

“तुम्ही एकदा बाहेर येऊन बघा तरी.”

“रत्ना, मी आत्ता काय बघू? भाजी दे.”

“तुम्ही लहान असताना आई उन्हाळ्यात नक्की काय करायच्या?”

त्यांनी थोडा विचार केला. “पाणी घालायची,” ते म्हणाले.

मला हातातली कढई आपटावीशी वाटली. या माणसाने तीस वर्षं या घरात काढली, पायरीवरून रोज आत-बाहेर केलं, आणि विचारलं तर सांगतो काय, पाणी घालायची!

पुढच्या आठवड्यात नणंदेने जयवंतांच्या ऑफिसात फोन केला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. जयवंत घरी येऊन खुशीत सांगायला लागले.

“आईने काय विचारलं माहीत आहे? मुलीचं नाही, माझं नाही. पहिला प्रश्न, झाडां कशी आसत.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, एकदम झकास.”

“अहो!”

“मग काय सांगू? डोळ्यावर पट्टी आहे तिच्या. रडली असती तर?”

“आणि इथे आल्यावर रडतील, ते माझ्या तोंडावर. तेव्हा तुम्ही मालगाडी घेऊन इगतपुरीला असाल!”

ते हसले. मी नाही हसले. मला पुरतं कळून चुकलं होतं की या घरात या कुंड्यांची काळजी दोनच बायकांना आहे. एक शंभर कोसांवर डोळे बांधून पडली आहे, आणि दुसरीला काय करायचं ते ठाऊक नाही.

त्यानंतरची एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. पारा सत्तेचाळीसवर गेलेला. मी नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन बाहेर आले. गरम वारा असा सुटला होता की दार उघडल्याबरोबर डोळ्यांतलं पाणी सुकलं. पायरीवर बघते तर दोन कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या. आदल्या दिवशी तिथे निदान चार-सहा पानं होती. मी वाकून पाणी शिंपडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते पानावर वाळलं. पान आणखीच आकसलं.

मी तांब्या भिरकावला. तो गडगडत रस्त्यावर गेला आणि तिथे ठणठण वाजत राहिला.

“मरा!” मी ओरडले. “मरा एकदाचे! कुडाळची विहीर सोडून इथे यायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

चौधरीवहिनींची खिडकी किलकिली झाली आणि पुन्हा बंद झाली.

मी आत आले, दार लावलं आणि मुलीला शोधायला लागले. पाळण्यात नव्हती. खाटेखाली नव्हती. शेवटी सापडली ती मागच्या बोळात. स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांच्यामध्ये एक अरुंद, अंधारा बोळ होता. उत्तरेकडे तोंड असल्यामुळे ऊन कधीच यायचं नाही. तिथे तिवईवर पिण्याच्या पाण्याचे दोन माठ आणि बाजूला अर्धा जमिनीत पुरलेला रांजण. माठ पाझरून पाझरून खालची फरशी कायम ओलसर. तिथे रांगत जाऊन, रांजणाला पाठ लावून, ती गाढ झोपली होती. अंगावर घामाचा थेंब नाही. सगळं घर भट्टी झालेलं आणि ही पोर गारेगार.

मी तिच्या शेजारी बसले. फरशीवर हात टेकवला. मग वर माठांकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे. आणि मनात आलं, ज्या लेकराला अजून बोलता येत नाही, त्याला घरातली बरी जागा बरोबर कळली. आणि मी सासूबाईंनी सांगितलं म्हणून ती झाडं तव्यावर ठेवून भाजतेय.

विहिरीच्या भिंतीवर उगवणारं झाड. त्याला ऊन कुठलं? त्याला वारा कुठला? वरून कोण त्याच्यावर पाणी शिंपडतं? त्याला शेण कोण घालतं?

मी उठले आणि कुंड्या आणायला गेले. एकेक कुंडी मणाची. कवटाळून, ठेचकाळत, धापा टाकत सगळ्या आत आणल्या. पायरीवरून हलवू नको म्हणाल्या होत्या ना? हलवल्या. माझ्या नावाने काय बोलायचं ते बोला.

बोळात विटा मांडल्या, भोवती वाळू पसरली आणि कुंड्या विटांवर एकमेकींना चिकटून ठेवल्या. माठाचं पाझरलेलं पाणी वाळूत मुरायचं, वाळू ओली राहायची, पण कुंडीचं बूड पाण्यात बुडायचं नाही. मागच्या दाराला गोणपाट बांधून ते भिजवलं, म्हणजे झळ आत येऊ नये. पाणी घालायचं ते पहाटे, नळावरून आले की, मुळाशी, हळूहळू, आणि बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. पानांवर थेंब नाही. शेण बंद. आणि कातर मी फडताळात ठेवून दिली. म्हटलं, वाळलेली पानं तर वाळलेली पानं. निदान आतल्या गड्ड्यावर त्यांची सावली तरी पडेल.

जयवंत पहाटे पाळीवरून परत आले आणि अंधारात सरळ कुंडीला अडखळले.

“हे काय आहे?”

“नेचे.”

“ते मला दिसतंय. इथे का?”

“इथे गार आहे म्हणून.”

“रत्ना, पाणी प्यायला जायचं तर उडी मारून जायचं का? आणि आई पायरीवरच ठेवते. एवढी वर्षं पायरीवरच राहिलेत ते.”

“मग तुम्ही घाला त्यांना पाणी उद्यापासून. दुपारी बारा वाजता. पायरीवर बसून.”

“अगं, पण आईने सांगितलं होतं...”

“आईंनी सांगितलं ते सगळं केलं मी! पाणी घातलं, शेण घातलं, कापलं, शिंपडलं, मीठ-मोहरी उतरवली! काय उरलं? सांगा, काय उरलं?”

मुलगी जागी झाली आणि रडायला लागली. जयवंत तिला घेऊन पुढच्या खोलीत गेले. पुढे कित्येक दिवस ते बोळातून तिरके होऊन जायचे आणि जाताना मुद्दाम सुस्कारा सोडायचे. मीही मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचे.

आता तुम्हाला वाटेल, बोळात आणल्यावर सगळं ठीक झालं. अजिबात नाही. कुजलेली कुंडी तर गेलीच होती. तिच्या मागोमाग आणखी एक गेली. मग ज्यांच्या काड्या उरल्या होत्या त्या दोन्ही गेल्या. रोज पहाटे मी बोट खुपसून बघायचे, आणि रोज काहीच झालेलं नसायचं. तपकिरी काड्या, काळी माती. पोराला ताप आला तर निदान अंग तापतं, रडतं, काहीतरी कळतं. इथे काहीच कळायचं नाही. जिवंत आहे की मेलंय, तेही झाड सांगत नव्हतं. मी त्यांच्यावर वैतागायचे, जयवंतांवर वैतागायचे, नळावर वैतागायचे. सगळ्यात जास्त सासूबाईंवर. सांगितलं ते सगळं चुकीचं कसं निघालं? की मुद्दाम सांगितलं? माझ्या हातून मरावेत आणि मग आयुष्यभर बोलायला मिळावं म्हणून? तेव्हा मी अगदी असाच विचार करत होते.

सासूबाई यायच्या थोडे दिवस आधी एका कुंडीत, वाळलेल्या पानांच्या मधोमध, एक हिरवा वेटोळा दिसला. गोगलगायीच्या शंखाएवढा, त्याच्यावर बारीक तपकिरी लव. मग दुसऱ्या कुंडीत दोन. तिसरीत एक. बाकी चार कुंड्यांत काही नाही. मी चारही कुंड्यांतली माती उकरून बघितली. मुळं सुतळीसारखी वाळली होती.

म्हणजे सातातले तीन. तेही कसले? तीन करपलेले झुबके आणि त्यांत बोटभर कोंब. परीक्षेत नापास व्हावं अशीच ही बेरीज होती. मी मनात भाषण तयार करून ठेवलं. तापी आटली होती. पारा सत्तेचाळीसवर होता. तान्ही मुलगी होती. तुमचा मुलगा सुस्कारे टाकत होता. आणि तुम्ही सांगितलंत तेच मी आधी केलं होतं.

सासूबाई सकाळच्या गाडीने आल्या. जयवंतांनी त्यांना दारात उतरवलं, सामान आत ठेवलं आणि लगेच ड्यूटीवर गेले. म्हणजे मी म्हटलं होतं तसंच झालं. सासूबाई वाळल्या होत्या. डोळ्यांवर मोठा हिरवा चष्मा. पायरीपाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. पायरी रिकामी, कुंड्यांचे गोल डाग तेवढे दगडावर राहिलेले.

“मेले मा?” त्या म्हणाल्या.

“आई, आधी आत या. चहा टाकते.”

“सगळे मेले मा?”

“चार मेले. तीन आहेत,” मी म्हटलं. भाषण कुठल्या कुठे गेलं. “तेही धड नाहीत.”

त्यांनी मान वळवली. चष्म्याआडून काही कळत नव्हतं. “खय आसत?”

मी त्यांना हाताला धरून बोळात नेलं. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती, म्हणून मीच एक कुंडी उचलून तिवईच्या कडेला ठेवली. त्यांनी बोटं पुढे केली, वाळक्या पानांतून चाचपत चाचपत आत नेली आणि कोंबाला लागल्याबरोबर थांबवली. बराच वेळ बोटं तिथेच. मी उभी. आता बोलतील, मग बोलतील.

“ह्यो तोच?” त्यांनी विचारलं.

“तोच म्हणजे?”

“बाजारातसून नवीन नाय मा हाडलंस?”

माझं डोकंच फिरलं. “भुसावळच्या बाजारात नेचे मिळतात का, आई? आणि मला फसवायचंच असतं तर मी तीन कशाला आणले असते? सात नसते आणले?”

“तसा नाय गो. म्हणजे, ह्यो गेल्या वर्षीचोच? मी गेल्या वर्षी हाडलेलो, तोच?”

मी काहीतरी फाडकन बोलणार होते, पण त्यांचे शब्द आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरले.

“गेल्या वर्षी?” मी म्हटलं. “तुम्ही तर लग्नात आणले होते ना?”

सासूबाईंनी भिंतीला हात लावला आणि हळूच रांजणाशेजारच्या पाटावर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी द्यायला गेले, त्यांनी नको म्हणून हात हलवला.

“लग्नात हाडलेले ते पयल्याच वैशाखात गेले,” त्या म्हणाल्या. “माजे कदी जगलेच नाय. एक वर्षसुद्धा नाय. दरवर्षी मे म्हयन्यात सगळे लाकूड होतत. मगे मी मिरगाक म्हायेराक जातंय, आणि येताना नवीन हाडतंय. टोपलेत खाली झाडां, वर फणस.”

“आणि कोणाला कळलं नाही?”

“कोणाक कळतला? झाडाकडे बघता कोण? पायरेर हिरवा दिसला काय झाला.” मग त्या म्हणाल्या, “जयवंताच्या बापाशीन एकदा कौतुक केल्यान, बायकोन कोकण जगवल्यान म्हणून. मगे सांगूचा कसा?”

मला हसावं की रडावं तेच कळेना. महिनाभर मी ज्याच्यासाठी स्वतःला कोसत होते, ते या बाईला तीस-पस्तीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं! आणि दुपारी घाल, शिंपड, कातर, शेण, हे सगळं कुठल्या तोंडाने सांगून गेल्या होत्या? रागाने माझे कान तापले. “मग मला कशाला सांगितलंत?” मी म्हटलं. “ह्या वर्षी तरी सांभाळ, असं म्हणालात. मी सांभाळू शकत नाही म्हणून म्हणालात, असं मला वाटलं. दरवर्षीसारखे याही वर्षी आणले असतेत!”

“खयसून?”

“तिथूनच. विहिरीवरून.”

“बाव ऱ्हवली नाय,” त्या म्हणाल्या.

बाव म्हणजे विहीर, हे मला कळायला क्षण लागला.

“भाऊ गेल्यार भाच्यांनी बोअर मारल्यानी. बाव बुजवल्यानी. मी गेल्या वर्षी गेलंय तेवा ट्रॅक्टर माती घेवन दारातच उभो होतो. जरा थांब म्हटलंय, आणि कडेक वाकान हाताक गावले तितके उपटून घेतलंय. सात.” त्यांनी कुंडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. “आता थय न्हाणी बांधल्यानी. मी आता जावचंय नाय. मगे एकतरी ऱ्हवांदे असा वाटला. माज्या हाताक येस नाय, तुज्या हाताक असात.”

हिरव्या चष्म्याखालून एक थेंब गालावर आला. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं असणार. मी पदराच्या टोकाने तो टिपला. पावणेदोन वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनी मान मागे घेतली नाही. मुलगी रांगत आली आणि त्यांच्या पावलावर बसली.

“बरा,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “आता सांग. कसा केलंस?”

“खरं सांगू?”

“सांग.”

“तुम्ही सांगितलंत त्याच्या बरोबर उलट.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडावर हात दाबला, पण हसू आवरेना. त्या मोठमोठ्याने हसायला लागल्या. त्यांचं हसणं इतकं मोकळं असतं हे मला माहीतच नव्हतं. मीही हसायला लागले. महिनाभराचा सगळा वैताग त्या हसण्याबरोबर बाहेर पडत होता आणि तो संपता संपेना.

“हसवू नको गो,” त्या चष्म्यावर तळवा धरून म्हणाल्या, “डोळो फुटतलो माजो.”

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पाट थोडा सरकवून मला जागा केली.

“पाणी कदी घालतंस? दुपारी नाय?”

“दुपारी मुळीच नाही,” मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी फतकल मारून बसले. महिनाभर मला हे विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. मी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.